आतलं पान

मंगळवार, १ फेब्रुवारी १९९४

दुकानदारांच्या सभेला मलाच जावं लागलं. गॉर्डन म्हणाला, "तू त्या लोकांना ओळखतेस, तुझ्याइतकं नीट कुणाला जमणार?" ती लोकं म्हणजे दुकानदार की आमची मिशनवरची, नदीपलीकडच्या आदिवासी वस्तीतली माणसं, हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. 'यारिंडा क्रॉनिकल'मध्ये नऊ वर्षं झाली. असल्या सभा माझ्याच वाट्याला येतात. संपादकाचा विश्वास आहे, हे बरंच म्हणायचं.

बोलिंग क्लबातले पंखे गरम वारा फिरवत होते. विषय नेहमीचाच. काचा फुटतात, पोरं दुकानांसमोर घोळक्यानं बसतात, गिऱ्हाईक बिचकतं. 'मिशनवरची पोरं' असं कुणी म्हणालं की दोन-तीन माना माझ्याकडे वळायच्या. हार्डवेअरवाला मला म्हणाला, "तुझं वेगळं आहे गं, मार्लीन." मी ते वहीत टिपलं नाही.

मग दुसरी बाजू. मिशनवरच्या आंटी आयव्हीच्या भावाला फोन केला. मिशनच्या समितीचा तो अध्यक्ष. साऱ्या गावाचा अंकल, माझा तर सख्ख्यासारखा. त्यानं भरभरून सांगितलं. पोहण्याचा तलाव नाताळपासून बंद आहे, पुलाची बस बंद केली, नदीत पाणी उरलं नाही, या उन्हात पोरांनी बसायचं कुठं? सावली काय ती फक्त दुकानांच्या छपराखाली. शेवटी म्हणाला, "यातलं छापशील किती, पोरी?" मी म्हटलं, जमेल तेवढं. तो हसला आणि खोकत बसला.

बातमी लिहिली. दुकानदार वर, अंकल खाली. सभा त्यांची होती, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून होणार, हे ओघानंच आलं. पण दोन्ही बाजू घेतल्या. थकले आहे. हवा हलत नाही.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

अंक आला. पहिल्या पानावर अर्धं पान व्यापणारा फोटो. मुख्य रस्ता, तिघी मुली जीव खाऊन पळताहेत, पुढच्या मुलीच्या हातात पिशवी, मागे कॅफेच्या दारात मॅव्रोस हात उगारून ओरडतो आहे. मथळा, 'गाव वेठीला'. त्याखाली माझी बातमी, माझं नाव.

मुलींच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारली आहे. त्या पट्टीचा काय उपयोग? अंगावर मिशनच्या नेटबॉल संघाचा पिवळा पोशाख आहे, आणि पुढची मुलगी एवढी उंच की आख्ख्या यारिंडात तशी एकच. आंटी आयव्हीची नात, टॅनिया.

फोटो मी आधी पाहिला नव्हता. केव्हनं काल दुपारी रस्त्यापलीकडून काढला. केव्ह जाहिराती गोळा करतो, गळ्यात कॅमेरा असतो. गॉर्डनला विचारलं, या मुलींनी केलं काय? तो म्हणाला, "फोटोत दिसतं तेवढंच आम्ही छापलंय. मुली पळताहेत, दुकानदार ओरडतोय. त्यांनी चोरी केली असं कुठं म्हटलंय?" खरंच, तसं कुठं म्हटलेलं नाही. मी मथळ्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं.

शेवट मात्र नव्हता. फोटोला जागा हवी होती, म्हणून खालचा मजकूर कापला गेला. अंकलचं बोलणं गेलं, तलाव गेला, बस गेली. जागा कमी पडली की खालून कापायचं, हा छापखान्याचा नियमच आहे. त्यात कुणाचा आकस नसतो.

बाजारात दोघांनी पाठ थोपटली. बेकरीवाली बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होती, "त्यांच्यातलीच आहे, तीच लिहितेय. म्हणजे बघा." मला म्हणाली, धाडसाचं काम केलंस. मी कसलं धाडस केलं ते समजलं नाही. पाव घेऊन घरी आले.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

मॅव्रोसच्या कॅफेत चहाला गेले तर त्यानं चहा दिला नाही. ॲप्रन काढून समोर बसला. तरुणपणी ग्रीसमधून आलेला माणूस, कधी आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही.

त्यानं सांगितलं ते असं. बुधवारी दुपारी आंटी आयव्हीचा भाऊ मिशनवरून चालत गावात येत होता. पोस्टाच्या पलीकडे, एका झाडाखाली कोसळला. ऊन लागलं, त्यात छाती धरली. नेटबॉलच्या सरावाहून येणाऱ्या तिन्ही मुलींना तो दिसला. त्या धावत कॅफेत आल्या. मॅव्रोसनं अँब्युलन्सला फोन केला, पिशवीत बर्फ भरून टॅनियाच्या हातात दिला. मुली सुटल्या, तेव्हा हा दारात येऊन हात करून ओरडला की मागच्या गल्लीनं जा, जवळ पडेल.

"तेवढ्यात फोटो निघाला," तो म्हणाला. "मार्लीन, तुमचं ऑफिस समोर आहे. मला विचारायला फक्त रस्ता ओलांडायचा होता."

मी म्हटलं, फोटो मी काढला नाही, मथळाही माझा नाही.

"नाव तुझं आहे," तो म्हणाला, आणि उठून चहा घेऊन आला. तो चहा संपवणं मला जड गेलं.

एक गोष्ट मनात राहिली. अंकल बुधवारपासून दवाखान्यात आहे आणि मला ते मॅव्रोसकडून कळतं. मिशनवर कुणाला सर्दी झाली तरी मला फोन यायचा. धावपळीत राहिलं असेल.

शनिवार, ५ फेब्रुवारी

मिशनवर गेले. पुलाखाली नदी म्हणजे हिरवी डबकी. अंगणातली कुत्री तेवढी ओळख दाखवत आली.

आंटी आयव्ही व्हरांड्यात बटाटे सोलत होती. माझी आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. "ये," म्हणाली, पण बाजूच्या खुर्चीवरची कपड्यांची टोपली तिनं उचलली नाही. मी पायरीवर बसले. सावलीही तिथंच होती.

भावाला विमानानं सिडनीला नेलं आहे. बरा होईल की नाही, डॉक्टर बोलत नाहीत. मी फोटोबद्दल सांगू लागले, तिनं थांबवलं. सगळं तिला ठाऊक होतं. नेटबॉलच्या जिल्हा मंडळाच्या बाई काल येऊन गेल्या. फार गोड बोलल्या म्हणे. पुढच्या शनिवारी डब्बोला विभागीय निवड चाचणी आहे, टॅनियाचं नाव यादीत होतं, पण प्रकरण निवळेपर्यंत तिनं जरा थांबावं, तिच्याच भल्यासाठी. दोन वर्षं ती मुलगी त्या चाचणीसाठी घाम गाळते आहे.

टॅनिया दाराच्या जाळीआड उभी होती. बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "मार्ली आंटी, तुझं नाव का होतं त्याखाली?"

मी तिला समजावलं, की फोटो एक माणूस काढतो, बातमी दुसरा लिहितो, मथळा संपादक देतो, आणि नाव फक्त लिहिणाऱ्याचं असतं. बराच वेळ बोलले. बोलून झाल्यावर लक्षात आलं, जाळीआड कुणी नव्हतं.

आंटी बटाटे घेऊन आत गेली. जेवायला थांब म्हणाली नाही. माणूस दवाखान्यात असताना कुणाला सुचतं?

सोमवार, ७ फेब्रुवारी

गॉर्डनला सगळं सांगितलं. मॅव्रोस नाव देऊन बोलायला तयार आहे, हेही. गॉर्डन वाईट माणूस नाही. ऐकता ऐकता चष्मा काढून डोळे चोळत बसला. म्हणाला, दुसऱ्या पानावर खुलासा देऊ. मी म्हटलं, पहिल्या पानावर घाण केलीय, पुसायची पण तिथंच.

तो विचार करत राहिला आणि मग एकदम खुलला. खुलासा कशाला, बातमीच करू! म्हाताऱ्याला वाचवणारी धाडसी मुलगी. पहिलं पान, तेवढाच मोठा फोटो, टॅनियाचा हसरा चेहरा, दवाखान्यातल्या अंकलचा फोटो सिडनीहून मागवू. "गेल्या आठवड्यात एक बाजू, या आठवड्यात दुसरी. तराजू सरळ."

मला ते पटलं. पटलं म्हणजे, इतकी दमले होते की कुठंतरी टेकायला जागा मिळाली. चाचणीही शनिवारी आहे. गुरुवारी बातमी आली तर मंडळाला तिला घ्यावंच लागेल. दुपारी बसून लिहिलं. बरं उतरलं. पुष्कळ दिवसांनी काही बरं लिहिलं.

जाता जाता म्हटलं, अशा बातम्यांवर यापुढे माझं नाव नको. गॉर्डन म्हणाला, "वेडी का तू? तुझं नाव असलं की लोक विश्वास ठेवतात." हे कौतुकच होतं. तरी घरी येईपर्यंत अंगाला चिकटून राहिलं, घामासारखं.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

सकाळी तो गेला. सिडनीत, परक्या भिंतींत, जवळ फक्त एक भाची.

आमच्याकडे गेलेल्याचं नाव घेत नाहीत, घरच्यांनी मोकळीक देईपर्यंत. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवतात. या वहीतही मी त्याला आता आंटी आयव्हीचा भाऊ एवढंच म्हणेन.

दुपारी काम केलं नाही. कुणी विचारलंही नाही.

बुधवार, ९ फेब्रुवारी

आज अंक लावायचा दिवस. सकाळी ऑफिसात पोचले तर माझी बातमी पहिल्या पानावर लागलेली. सोबत आंटीच्या भावाचा जुना फोटो, ऑफिसच्या कपाटातला. खाली नाव, मोठ्या अक्षरात.

मी म्हटलं, तो काल गेला, गॉर्डन. हे असं छापायचं नसतं.

"गेला म्हणूनच तर बातमी मोठी झाली," तो म्हणाला. आवाजात दुष्टपणा नव्हता, फक्त बुधवार होता. "मार्लीन, मेयर वारले तेव्हा फोटो छापला की नाही? सगळ्यांना सारखा न्याय. आणि नाव-फोटो काढला तर उरतं काय? मॅव्रोसनं बर्फ दिला? कुणाला दिला, कशाला दिला, वाचणारा विचारणार नाही का?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, घरच्यांना विचारून येते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो थांबेन म्हणाला.

मिशनवर शेजारपाजारच्या गाड्या लागल्या होत्या. बायका अंगणात बसल्या होत्या, मोठ्या पातेल्यात मटणाचा रस्सा शिजत होता. आंटी आयव्ही मागच्या बाजूला, भावाच्या रिकाम्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. मीही जमिनीवर बसले. सगळं सांगितलं. चाचणीचंही सांगितलं, की ही बातमी आली तर टॅनियाला घ्यावं लागेल, नाही आली तर गाव गेल्याच आठवड्याची बातमी खरी मानत राहील. म्हटलं, आंटी, तू ठरवशील तेच करेन.

तिनं रिकाम्या खुर्चीवरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाली, "तो रस्त्यात पडला होता. शर्ट ओला झाला होता. ते सगळं लिहिलंयस?"

"थोडं."

"त्याला ते आवडलं नसतं. इस्त्री केल्याशिवाय तो पूल ओलांडायचा नाही." थोड्या वेळानं, "आणि माझी नात. मागच्या आठवड्यात तुम्ही तिला चोर केलंत. आता देवदूत करताय. पोरगी म्हणून कधी छापणार?"

मी म्हटलं, आंटी, मग तू सांग काय छापू.

"सोमवारी संध्याकाळी पोरी नेटबॉल खेळतात. गावातल्या पाच संघांचे निकाल तुमच्यात येतात. आमचा कधी आला? कुणाला बाळ झालं, कुणाचे टोमॅटो मोठे आले, कुणी किती गोल मारले, ते आतल्या पानावर असतं ना, तिथं आम्ही कधीच नसतो. आम्ही पहिल्या पानावर. नाहीतर कुठंच नाही. आम्हाला आतलं पान दे, पोरी. पहिलं ठेवून घ्या तुम्हालाच."

टॅनियाचं काय, मी विचारलं. तिनं टॅनियाला हाक मारली. मुलगी आली, डोळे सुजलेले. आजीनं तिला सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. डब्बो आणि आजोबा, असं समोरासमोर ठेवलं. टॅनियानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि म्हणाली, "त्यांचा फोटो नको."

ऑफिसात परत गेले. गॉर्डनच्या मेजावरून माझी पानं उचलली आणि फाडली. तो पाहत राहिला. म्हणाला, "घरच्यांचा मान राखतेस, ठीक. पण हे पत्रकारितेत बसत नाही." मी म्हटलं, नसेल बसत. भांडायचंही त्राण नव्हतं. त्यानं मुकाट्यानं तो फोटो काढला आणि पहिल्या पानावर मेंढ्यांच्या लिलावाची बातमी लावली.

गुरुवार, १० फेब्रुवारी

चौथ्या पानावर, पावसाच्या नोंदीखाली, चार ओळी. 'गेल्या अंकातील छायाचित्रातील मुलींनी आपल्या दुकानातून काहीही चोरलेले नाही, त्या आपल्याच सांगण्यावरून धावत होत्या, असे श्री. मॅव्रोस कळवतात.' पावसाच्या नोंदीत सगळीकडे शून्य होतं.

दुपारी मॅव्रोसनं कॅफे बंद केलं, कोट घातला आणि या उन्हात मंडळाच्या बाईंच्या घरी गेला. परत आला तेव्हा कोट हातावर होता. बाईंनी थंड सरबत दिलं म्हणे. म्हणाल्या, तुम्ही सांगता ते खरं असणारच, पण यादी डब्बोला गेली. पुढच्या वर्षी बघू.

शनिवार, १२ फेब्रुवारी

चाचणीचा दिवस. बाहेर पडले नाही. कपडे धुतले, वाळत घातले, तासाभरात कडक झाले.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

अंत्यविधी. मिशनवरच्या चर्चमध्ये जागा पुरली नाही, माणसं बाहेर उन्हात उभी. मॅव्रोस आला होता. गॉर्डनही आला, टाय लावून, अगदी मागे उभा राहिला. नंतर माझ्याशी बोलायला आला तेव्हा म्हणाला, इतकी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. तो इथं जन्मला आहे. पुलापलीकडे मात्र आज पहिल्यांदा आला असावा.

पोरींनी शवपेटीवर पिवळी फुलं वाहिली. आंटी आयव्हीनं मला तिच्या रांगेत बोलावलं नाही, पण भाच्यांना सरकायला सांगितलं, तेव्हा शेवटी थोडी जागा झाली. ती माझ्यासाठी होती की नाही, कळलं नाही. मी बसले.

सोमवार, २८ फेब्रुवारी

दुखवट्यानंतर मिशनचा संघ आज पहिल्यांदा खेळला. गावाच्या संघाविरुद्ध. मी दुसऱ्या एका कामात अडकले होते, म्हणून निकाल फोनवरून घेतला. मैदानावरच्या माणसाला ऐकू येत नव्हतं, मला त्याचं समजत नव्हतं. मिशन जिंकलं, एवढं स्पष्ट ऐकू आलं.

गॉर्डनला म्हटलं, तेराव्या पानावर घे. तो म्हणाला, एवढंच? या क्षुल्लक गोष्टीसाठी तू पहिलं पान सोडलंस? मी हो म्हटलं. त्यानं खांदे उडवले आणि जागा केली. टोमॅटोच्या प्रदर्शनाची एक ओळ त्यासाठी काढावी लागली.

शुक्रवार, ४ मार्च

काल अंक आला, आज सकाळी आंटी आयव्ही ऑफिसात आली. काळा पोशाख, हातात हॅट. इतक्या वर्षांत तिनं हा उंबरा कधी ओलांडला नव्हता. काउंटरवर तेरावं पान पसरलं आणि बोट ठेवलं.

"एकतीस नाही. बत्तीस."

मी म्हटलं, फोनवर नीट ऐकू आलं नाही, आंटी. गॉर्डन आतून आला. ती कोण ते मी त्याला सांगितलं, त्यानं तिच्या भावाबद्दल दुःख वाटतं म्हटलं, तिनं मान हलवली. मग त्यानं पान पाहिलं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, एका गोलाचा फरक आहे, जिंकले तर तुम्हीच, निकाल काही बदलत नाही.

"निकाल नाही बदलत," आंटी म्हणाली. "पण तो गोल टॅनियाचा होता. शेवटचा."

गॉर्डननं माझ्याकडे पाहिलं. मी पान त्याच्याकडे सरकवलं. आंटी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसली, हॅट मांडीवर ठेवली आणि म्हणाली, तिला घाई नाही.

तेव्हा त्यानं पेन शोधलं, कागद ओढला आणि विचारलं, "मुलीचं नाव कसं लिहायचं?"

तिनं एकेक अक्षर सांगितलं.